अक्कांचा कॅमेरा गोरं करत नाही

"गोरं होणार नाही. आधीच सांगते."

फोटो काढणारे लोक 'हसा' म्हणतात, 'इकडे बघा' म्हणतात, फार तर 'पोट आत घ्या' म्हणतात. आमच्या शेजारच्या सिंधूअक्का हे म्हणतात. आणि ते म्हणून झालं, की समोरचा माणूस सावध व्हायच्या आत बटण दाबून मोकळ्या होतात. फोटोत माणूस जसा असतो तसाच येतो, फक्त थोडा अपमान झाल्यासारखा दिसतो. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या लोकांचे खरे चेहरे आता एकाच ठिकाणी जपून ठेवलेले आहेत, ते म्हणजे अक्कांच्या कॅमेऱ्यात. बाकी सगळीकडे आम्ही गोरे आहोत.

हे जरा समजावून सांगितलं पाहिजे. जळगावचं ऊन तुम्ही ऐकून असाल. त्या उन्हात जन्म काढलेल्या माणसांचा रंग कसा असणार? पण आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर वाढदिवसाचे फोटो येतात ते पाहा. सगळे मैद्यात लोळून उठल्यासारखे. साठीच्या माणसाच्या कपाळावर एक आठी नाही. हल्लीचे फोन हा उपकार न विचारताच करतात. माझी काही तक्रार नव्हती. फुकट मिळणारा रंग कोण सोडतो? तक्रार एकट्या अक्कांची होती.

अक्का सत्तरी ओलांडलेल्या. उंची बेताची, आवाज त्या मानानं अवाढव्य. शिरपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत त्यांची सगळी नोकरी गेली, नर्स म्हणून. पती वारले, मूलबाळ नव्हतं, म्हणून धाकट्या भावानं, भास्करभाऊंनी त्यांना जळगावला आणलं. भास्करभाऊंचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या अक्कांच्या. एरवी बोलणं चारचौघांसारखं, पण राग आला किंवा माया आली की अहिराणी सुरू. दोन्हींतलं काय आलं आहे, ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं.

कॅमेरा साबणाच्या वडीएवढा, चंदेरी. बटण दाबलं की भिंग कण्हत कण्हत बाहेर येतं आणि काम झालं की सुस्कारा टाकून आत जातं. निवृत्तीच्या निरोपाला लोक शाल, नारळ आणि पितळेची मूर्ती देतात. अक्कांनी आधीच दवाखान्यात जाहीर करून टाकलं होतं, "मूर्ती आणाल तर इथंच ठेवून जाईन. मला कॅमेरा पाहिजे. खिशात मावेल असा." साडीला खिसा नसतो, असं कुणीतरी दबकत सुचवलं. अक्कांनी कंबरेला खोचायची चंची शिवून घेतली. इतर बायका तिच्यात पानसुपारी ठेवतात, अक्का कॅमेरा ठेवतात.

त्याला पेन्सिल सेल लागतात, दोन. कॅमेरा आता म्हातारा झाला, चार फोटोंत सेल मान टाकतात. मग अक्का सरळ आमच्या घरात येतात, स्टुलावर चढतात आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून नेतात. एक आमचा, एक भास्करभाऊंचा. "घड्याळ उद्याबी चालेल, माणूस उद्या असाच दिसेल का?" आमच्या घरात बऱ्याचदा दुपारपर्यंत सकाळचे सव्वानऊच वाजलेले असतात. बायको आता स्वयंपाकाला सावलीवरून लागते.

हे 'गोरं होणार नाही' प्रकरण सुरू झालं ते आमच्याच घरी, सत्यनारायणाच्या दिवशी. माझ्या मेहुण्यानं नवा फोन घेतला होता. प्रसादाच्या पंगतीला त्यानं सगळ्यांचे फोटो काढले आणि मोठ्या हौसेनं अक्कांना दाखवले. अक्कांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"मन्हं गोंदन कोठे शे?"

अक्कांच्या हनुवटीवर गोंदलेले तीन हिरवट ठिपके आहेत, कपाळावर एक छोटी चांदणी. फोटोत हनुवटी धुतल्यासारखी स्वच्छ होती.

"अक्का, फोन आपोआप डाग काढतो," मेहुणा कौतुकानं म्हणाला. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो, पण उशीर झाला होता.

"डाग? मन्ही मायनी यात्रामा मांडीवर धरीसन गोंदाडं ते! रडी रडी जीव गया मन्हा. आनि तुन्हा फोननी पुशी टाकं? त्याले कोन इचारं?"

मेहुण्यानं तो फोटो तिथल्या तिथं काढून टाकला. तेवढ्यानं भागलं नाही. अक्कांनी चंचीतून कॅमेरा काढला, मेहुण्याला दारात उन्हात उभा केला आणि पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं. त्या फोटोत मेहुण्याच्या नाकावरची पुटकुळी इतकी ठसठशीत आली आहे की हात लावून पाहावा.

तेव्हापासून अक्का कुणालाच सोडत नाहीत. गणपतीच्या आरतीला मंडळाचे अध्यक्ष कलप लावून आले, तर अक्कांनी मागून फोटो काढला, कारण मानेवर कलप ओघळला होता. अक्कांचा एक भाचा पुण्याहून त्यांच्यासाठी भारीतला फोन घेऊन आला, तो त्यांनी पोहे खाऊन होईपर्यंत परत केला. "हे यंत्र नाही, भाट शे. नुसती स्तुती करतो." लोक चिडतात, तोंड फिरवतात, दिसल्या की गल्ली बदलतात. अक्का ऐकत नाहीत. मी एकदा म्हटलंही, "अक्का, लोकांना बरं वाटतं, वाटू द्या की."

"माणसाला बरं वाटायला पाहिजे, तर माणसानं बरं म्हणावं. फोनानं कशाला?"

हे सगळं आम्ही गंमत म्हणून चालवून घेत होतो. मग पल्लवीचं लग्न निघालं.

पल्लवी भास्करभाऊंची मुलगी. नशिराबादच्या शाळेत शिकवते, रोज स्कूटीवर जाते-येते. हुशार, हसरी, आणि रंगानं थेट आत्यावर गेलेली. धुळ्याचं एक स्थळ आलं. मुलगा मयूर, नाशिकला कंपनीत. भास्करभाऊंनी पल्लवीला स्टुडिओत नेलं. तिथून फोटो आला तो पाहून तिच्या आईनंच आधी विचारलं, "ही कोण?" नाक पल्लवीचं होतं, साडी पल्लवीची होती. बाकी सगळं स्टुडिओवाल्याचं होतं. तोच फोटो धुळ्याला गेला, पसंत पडला, आणि येत्या रविवारी पाहायला येतो असा निरोप आला.

अक्कांना हे कळलं आणि आम्हाला भिंतीतून सगळं ऐकू आलं.

"भास्कर, तू किराणावाला शे ना? नमुना एक आनि माल दुसरा, तुन्हा दुकानमा चालस का?"

"अक्का, सगळे असाच फोटो पाठवतात."

"बठ्ठा पाठवतस म्हनीसन आपन बी?"

"अगं, रविवारी ते समोर बसून पाहणारच आहेत तिला! फसवणूक कसली?"

इथं अक्कांचा आवाज उतरला. मला भिंतीजवळ सरकावं लागलं. "तेच तर सांगते. ती गोरी आधीच त्यांच्या घरात जाऊन बसली. आता आपली पोर समोर आली, की कमीच दिसणार. पोरीत काही कमी नाही रे. पण दिसेल."

भास्करभाऊ वाईट माणूस नाहीत. मुलीचं लग्न म्हटलं की ते घाबरतात, एवढंच. याआधी दोन ठिकाणांहून 'कळवतो' असा निरोप आला होता आणि पुढे कुणी कळवलं नव्हतं. ते म्हणाले, "अक्का, तुझ्या पाया पडतो, या वेळी गप्प राहा." अक्का गप्प राहिल्या. मी बायकोला म्हटलं, आता काहीतरी होणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या गच्चीवर बिबड्या घालायचं काम होतं. ज्वारीच्या पिठाचा रटरटता घाटा गच्चीवर चढवायचा आणि ऊन तापायच्या आत पातळ बिबड्या साडीवर थापून मोकळं व्हायचं. माझी बायको हाताखाली गेली होती, तिनं सांगितलेलं सांगतो. पल्लवीचे हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले, केस सुटलेले, घाम आलेला. कुणीतरी काहीतरी बोललं आणि ती खदखदून हसली. मग एकदम आत्याकडे वळून म्हणाली, "आत्या, माझा एक काढ ना. लग्नाचा नको. माझा."

अक्का त्या दिवशी 'गोरं होणार नाही' म्हणाल्या नाहीत. गुपचूप फोटो काढला आणि स्टेशनजवळच्या लॅबमधून कागदावर उतरवून आणला.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसला निघालो, तर अक्का फाटकात उभ्या. "आज रजा टाक. धुळ्याला जायचंय." भास्करभाऊंना त्यांनी शिरपूरला पेन्शनचं काम आहे म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, माझं काय काम? "तू पिशवी धर. एकटी म्हातारी गेली तर लोकांना वाटतं वर्गणी मागायला आली. सोबत पिशवीवाला माणूस असला की काम सरकारी वाटतं. बोलू मात्र नको." मी पिशवी धरली. तिच्यात फक्त पाण्याची बाटली होती.

एरंडोल, पारोळा मागे पडेपर्यंत मी त्यांची समजूत घालत होतो. पेटत्या निरांजनासारखा तो फोटो त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

धुळ्याच्या देवपुरात मयूरचं घर सापडलं. दार त्याच्या आईनं उघडलं. मंगलाताई नाव त्यांचं. आम्ही मुलीकडचे म्हटल्यावर त्यांची धांदल उडाली. पाणी आलं, पंखा वाढला. अक्कांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्या मोबाईलवर फोटो आला शे ना, तो आमच्या पोरीचा नाही."

मंगलाताईंचा चेहरा उतरला. "मग कोणाचा?"

"मोबाईलचा. आमच्या पोरीचा हा." आणि फोटो त्यांच्या हातात.

मंगलाताईंनी फोटो पाहिला. मग फोन आणून तो पाहिला. मग पुन्हा हा. मी पिशवीचे बंद मोजत होतो. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "फरक बराच शे हो."

"शे ना. म्हनीसनच उनू मी इथं. आता काय ते ठरवा. नाही म्हणायचं तर आजच म्हणा, फोटोला म्हणा. रविवारी पोरीच्या तोंडावर पोहे खाऊन म्हणू नका."

एवढं झालं आणि आतून मयूर बाहेर आला. सुट्टीवर आलेला, बनियनवर, खांद्यावर टॉवेल. घरात कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि मी न राहवून त्याच्या डोक्याकडे पाहिलं. आम्हाला आलेल्या फोटोत या मुलाच्या डोक्यावर चांगलं हिरवंगार शेत होतं. प्रत्यक्षात कडेकडेनं पेरणी झालेली, मधलं रान पडीक. मंगलाताई गडबडीनं म्हणाल्या, "अरे, आत जा, शर्ट घाल." शर्टानं काही झाकणार नव्हतं.

अक्का इतक्या खूश झालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"बस रे भाऊ. उजेडाकडे तोंड कर. आपल्या पोरीला पण दाखवायला पाहिजे ना."

मयूर गोंधळला. आईच्या हातातला फोटो त्यानं पाहिला, फोनवरचा पाहिला, आणि प्रकरण त्याच्या लक्षात आलं असावं. तो मुकाट्यानं खिडकीशी बसला. अक्कांनी बटण दाबलं. भिंग अर्धं बाहेर आलं आणि तिथंच मेलं. सेल संपले होते.

अक्कांची नजर सावकाश वर भिंतीकडे गेली. सोयरिकीच्या घरातलं घड्याळ! मी म्हटलं, "अक्का, नको." त्या स्टूल शोधायला लागल्याही. मयूरनं विचारलं, "काय पाहिजे?" मी मान खाली घालून सांगितलं. तो उठला, स्वतः स्टुलावर चढला, घड्याळाचा सेल काढला. एकानं भागत नाही म्हटल्यावर आतल्या खोलीतल्या घड्याळाचाही घेऊन आला. पुन्हा खिडकीशी बसला आणि डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "अक्का, केस जरा जास्त येतील का हो?"

"जितला शेतस तितलाच येतीन. गोरं बी होणार नाही, आधीच सांगते."

तो हसला आणि अक्कांनी तेवढ्यात काढला. मंगलाताई पदरात तोंड घालून हसत होत्या. मग म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं स्टुडिओवाल्याला, थोडे भर म्हणून. तीन ठिकाणी नकार आला हो याला." चहा झाला. निघताना पल्लवीचा फोटो अक्कांनी परत मागितला नाही आणि त्यांनीही दिला नाही. "रविवारी येतो आम्ही," एवढंच मंगलाताई म्हणाल्या.

रविवारी ते आले. त्याआधी पल्लवीनं कॅमेऱ्याच्या त्या एवढ्याशा पडद्यावर मयूरला पाहून घेतलं होतं आणि "आत्या, याला काहीतरी तेल सांग" म्हणत गच्चीभर हसली होती. दोघं तासभर बोलत बसली. धुळ्याचं कळल्यावर भास्करभाऊ दोन दिवस बहिणीशी बोलले नव्हते, ते पसंतीचा निरोप आल्यावर पेढे घेऊन आधी वर गेले आणि तिथं जिन्यातच रडले. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला आहे.

हे सगळं गोड झालं. पण मला सांगायचं आहे ते धुळ्याहून परत येतानाचं.

एसटीत गर्दी नव्हती. अक्का खिडकीशी बसल्या होत्या, चंचीवर हात. मी म्हटलं, "अक्का, एवढा हट्ट कशासाठी? लग्न झालं असतं, दोन दिवसांत सगळे तो फोटो विसरले असते."

"फोटो विसरत नाही कोणी," त्या म्हणाल्या. "पल्लवीच्या घरात मला दुसरी बाई नको."

"दुसरी कुठली?"

"फोटोतली."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा सासरे आणि मामा येऊन मुलगी पाहून गेले. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये लांब होता, त्याला रजा मिळेना. म्हणून वडिलांनी सिंधूला स्टुडिओत नेलं. तेव्हा काळ्यापांढऱ्या फोटोवर कुंचल्यानं रंग भरत. त्या माणसानं गाल गुलाबी केले, ओठ लाल केले, हात केळीच्या गाभ्यासारखे केले. फोटो टपालानं गेला. लग्नापर्यंत तो नवऱ्याच्या उशाशी होता.

"अंतरपाट सरकना," अक्का म्हणाल्या, "आनि त्यास्नी मन्हा मांगे देखं. त्यास्ले वाटनं, नवरी मांगे उभी शे."

मी हसलो. त्याही हसल्या. मग मला हसता येईना.

"त्रास दिला?"

"छे! देवमाणूस. कधी आवाज चढवला नाही, कधी ताटावरून उठले नाहीत. माझ्या रात्रीच्या ड्यूटीला सोडायला यायचे, घ्यायला यायचे. फक्त फोटोला चौकट करून आणली आणि पुढच्या खोलीत लावली. काच स्वतःच्या रुमालानं पुसायचे. पाहुणे विचारायचे, ही कोण हो? ते म्हणायचे, आमची सिंधू. मी चहा घेऊन तिथंच उभी." अक्कांनी चंची नीट खोचली. "मी तिले सवतच म्हनू. एकदा तरी बोलायला पाहिजे होतं त्यांनी, तू काळी शे म्हणून. मी भांडले असते. मला भांडता येतं. पण काही बोललेच नाहीत, तर भांडू कोणाशी?"

मला त्या माणसाचा राग आला. राग यावा असं त्यानं काहीच केलं नव्हतं, म्हणून जास्तच आला.

"ते गेल्यावर तरी काढून टाकला असेल ना?"

"काढला ना. तेराव्याचे पाहुणे गेले आणि लगेच काढला. ट्रंकेत घातला, वर सतरंजी दाबली." बाहेर पारोळ्याचा स्टँड आला. कंडक्टर ओरडला, दोन-चार माणसं चढली, गाडी पुन्हा निघाली. मला वाटलं, बोलणं संपलं.

"संध्याकाळी चहा केला," अक्का खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "कप घेऊन पुढच्या खोलीत आले. भिंतीवर कोणीच नाही."

"मग?"

"मग काय. परत लावला. इथं बी आतल्या खोलीत शे. आता काच मीच पुसस." त्यांनी पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे वळल्या. "काय करसू, भाऊ? एकलं ऱ्हावापेक्षा सवत बरी."